मठाचे माप : वक्ररेषांनी वेढलेल्या क्षेत्राविषयी



आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी गणिताचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचा खुलासा आरंभीच करतो. वक्ररेषांनी वेढलेल्या जागेचे क्षेत्रफळ कसे काढावे, हा प्रश्न बारावीच्या पाठ्यपुस्तकातील एका प्रकरणापुरता नाही. सह्याद्रीच्या आणि कोकणपट्टीच्या पंडितांनी तो शतकानुशतके हाताळला, मराठी शास्त्रीय गद्याच्या पहाटे तो मराठीत उतरू लागला आणि त्या परंपरेचा एक हरवलेला दुवा शोधून देणारा पुरुष याच पेडणे तालुक्यात जन्मला. शिवाय पार्से आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न पायाखालच्या मातीचा आहे. म्हणून गणितज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर एका जिज्ञासू वाचकाच्या नात्याने आज मी तो आपल्यापुढे उलगडणार आहे.

सरळ बांध आणि वाकडा बांध

आपला तालुका उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. या नद्यांच्या खारट पाण्यालगतची खाजन शेती आपल्या पूर्वजांनी समुद्राच्या भरतीकडून जिंकून घेतली. मातीचे बांध घातले, भरती येताच पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानस बसविली, कोरगुटासारखे खारट जमिनीत तग धरणारे भात पेरले. ही शेते चौकोनी नाहीत. नदी जशी वळते तसा बांध वळतो आणि बांधाबरोबर शेताची कडही वळते.

शेत आयताकृती असेल तर लांबीला रुंदीने गुणले की काम झाले. त्रिकोणी असेल तर पायाला उंचीने गुणून निम्मे करावे. कडा सरळ असलेली कोणतीही जागा त्रिकोणांत विभागता येते आणि त्रिकोणांची बेरीज केली की क्षेत्रफळ हाती येते. कड वाकडी झाली की मात्र ही सारी साधने थिटी पडतात. कितीही त्रिकोण मांडले तरी बांधाच्या फुगवट्यात एक चिंचोळी फट उरतेच.

येथे एक सावधगिरी सांगावयास हवी, कारण तिच्याअभावी घरोघरी भांडणे झाली आहेत. सीमेची लांबी ठाऊक असली म्हणजे क्षेत्रफळ ठाऊक झाले, असे नव्हे. चारही बाजू १० मीटर असलेले चौरस शेत १०० चौरस मीटरांचे भरते. तेच चार बाजू कायम ठेवून कोपऱ्यातून दाबले, तर क्षेत्रफळ ६०, २०, किंबहुना शून्यापर्यंतही उतरविता येते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हा मुद्दा मोठ्या रोखठोकपणे मांडला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा, आणि तसे सांगू पाहणारा उत्तरदाताही, त्यांच्या लेखी पिशाच ठरतो. शास्त्रग्रंथात एवढा तिखट शब्द क्वचितच आढळतो. भावाभावांतील वाटणी पाहिलेल्या माणसाला तो तिखट वाटणार नाही.

नांदगावच्या गणेश दैवज्ञांची युक्ती

वक्र सीमेची सर्वांत परिचित आकृती म्हणजे वर्तुळ. भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ साली जन्मले आणि शके १०७२ मध्ये, ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील असल्याचे त्यांनीच सांगितले आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले व्यासाचा चौथा हिस्सा, असा नियम त्यांनी दिला. व्यासावरून परीघ काढण्यासाठी स्थूल मान २२ भागिले ७ आणि सूक्ष्म मान ३९२७ भागिले १२५० अशी दोन्ही मापे सांगितली. सूक्ष्म मान दशांशात मांडले तर ३.१४१६ येते.

नियम खरा, पण तो खरा का? याचे सुंदर उत्तर कोकणात मिळते. नांदगावचे गणेश दैवज्ञ ‘ग्रहलाघवा’मुळे पंचांगकर्त्यांच्या घरोघरी पोहोचले. त्यांनी शके १४६७ मध्ये, म्हणजे १५४५ साली, ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. तीत ते सांगतात की, वर्तुळाची दोन अर्धवर्तुळे करावीत. प्रत्येक अर्ध्याला केंद्रापासून परिघापर्यंत अनेक छेद देऊन निमुळत्या फोडी कराव्यात, आणि मग परीघ सरळ ताणून दोन्ही अर्धी करवतीच्या दातांप्रमाणे एकमेकांत बसवावीत. फोडी पुरेशा बारीक असतील तर एक आयत तयार होतो. त्याची लांबी अर्ध्या परिघाएवढी आणि रुंदी अर्ध्या व्यासाएवढी. अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास म्हणजेच परीघ गुणिले व्यासाचा चौथा हिस्सा.

एखादी भाकरी आणि एक सुरी घेऊन आठवीतील मुलानेही हा प्रयोग करून पाहावा. आठ फोडींत आयताची वरची कड ओबडधोबड, लाटांसारखी दिसेल. बत्तीस फोडींत ती जवळजवळ सपाट होईल. वक्र क्षेत्राच्या गणिताचे सारे मर्म या एका कृतीत आहे. वाकड्या आकृतीचे असे बारीक भाग करावेत की, प्रत्येक भागाचा वाकडेपणा नगण्य व्हावा, आणि मग त्या भागांची बेरीज करावी.

गोलाच्या पृष्ठावरची जाळी

भास्कराचार्यांनी याच विचाराने याहूनही अवघड काम केले. त्यांच्या पूर्वीच्या लल्लाचार्यांनी गोलाचे पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. भास्करांनी ‘गोलाध्याया’त हे चूक असल्याचे दाखविले आणि पृष्ठफळ वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट, म्हणजेच परीघ गुणिले व्यास असते, हे सिद्ध केले. चेंडूवर विणलेल्या जाळीसारखे हे पृष्ठफळ असते, असा दृष्टान्त ते देतात.

त्यांची रीत अशी. गोलाचा परीघ ९६ एकके माना. आवळ्यावर शिरा असतात तशा उभ्या रेषा काढून पृष्ठाचे ९६ पट्टे करा. प्रत्येक पट्टा मध्यभागी एक एकक रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता होईल. आता अर्धा पट्टा घेऊन टोकापासून मध्यापर्यंत त्याचे २४ आडवे तुकडे करा. प्रत्येक तुकडा एक एकक उंच. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेची लांबी अर्धज्यांच्या कोष्टकावरून काढता येते. या कोष्टकात त्रिज्या ३४३८ धरलेली असून २४ अर्धज्या दिलेल्या आहेत. तुकड्याच्या दोन कडांची सरासरी घेतली की त्याचे क्षेत्रफळ मिळते.

मी ही बेरीज स्वतः करून पाहिली, आपणही पाहावी. चोवीस अर्धज्यांची बेरीज ५४२३३ भरते. शेवटची अर्धज्या एकाच तुकड्याची कड असल्यामुळे तिचे निम्मे, म्हणजे १७१९, वजा करावयाचे. उरतात ५२५१४. यांना ३४३८ ने भागले की अर्ध्या पट्ट्याचे क्षेत्रफळ, आणि १७१९ ने भागले की पूर्ण पट्ट्याचे. भागाकार येतो ३० पूर्णांक ३३ साठांश. आणि ज्या गोलाचा परीघ ९६ त्याचा व्यास किती? तोही ३० पूर्णांक ३३ साठांश! एक पट्टा व्यासाएवढा. पट्टे ९६, म्हणजे परिघाएवढे. म्हणून पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास. न्यूटन आणि लायब्निझ यांच्या पाचशे वर्षे आधी सह्याद्रीच्या छायेत हा हिशेब मांडला गेला. त्याला आजच्या अर्थाने समाकलन म्हणता येणार नाही, कारण तुकड्यांची रुंदी शून्याकडे नेण्याचा सार्वत्रिक नियम त्यात नाही. त्या दिशेने पुढचे मोठे पाऊल केरळच्या माधवाचार्यांच्या परंपरेने टाकले. तथापि वाट तीच होती, यात संशय नाही.

शून्यलब्धी

ही वाट मराठीत प्रथम कोणी आणली? ज्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले त्या बाळशास्त्री जांभेकरांनी. ते सिंधुदुर्गातील पोंभुर्ल्याचे. आपल्या तालुक्याच्या सीमेपलीकडच्या त्याच किनाऱ्याचे. त्यांच्या ग्रंथांच्या यादीत ‘शून्यलब्धिगणित’ हे नाव आढळते. आज ज्याला आपण कलनशास्त्र म्हणतो त्यासाठी योजलेला हा शब्द आहे. शून्यलब्धी म्हणजे शून्याच्या जवळ जाता जाता जे हाती लागते ते. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. ‘कलन’ हा शब्द विद्येचे नाव सांगतो; ‘शून्यलब्धी’ हा शब्द तिची युक्तीच सांगून टाकतो.

ही युक्ती एका उदाहरणाने पाहू. आलेखावर दोन रेषा काढा. पहिलीवर उंची अंतराएवढीच असते. ती सरळ तिरकी रेषा. दुसरीवर उंची अंतराच्या वर्गाएवढी असते. ती वाकडी, परवलयाची रेषा. अंतर शून्य असता दोन्ही एकत्र असतात. अंतर १ झाले की पुन्हा भेटतात. मधल्या भागात सरळ रेषा वर आणि वक्र रेषा खाली. या दोहोंच्या कवेत सापडलेल्या होडीसारख्या जागेचे क्षेत्रफळ किती?

उभे पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्याची उंची म्हणजे वरच्या रेषेची उंची वजा खालच्या रेषेची उंची. दहा पट्टे केले आणि प्रत्येकाची उंची त्याच्या उजव्या कडेवर मोजली, तर एकूण बेरीज ०.१६५ येते. शंभर पट्टे केले तर ०.१६६६५. हजार केले तर ०.१६६६६६५. पट्टे वाढत जातात, रुंदी शून्याकडे जाते आणि बेरीज एका संख्येला चिकटत जाते. ती संख्या म्हणजे एक षष्ठांश. हीच शून्यलब्धी. एकापासून पुढच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज करण्याचे सूत्र यासाठी पुरते, आणि ते सूत्र ‘लीलावती’तही आहे. ग्रीसच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वेगळ्या मार्गाने सिद्ध केले होते की, परवलयाच्या अशा तुकड्याचे क्षेत्रफळ त्यात बसविलेल्या विशिष्ट त्रिकोणाच्या चार तृतीयांश असते. आपल्या आकृतीत तो त्रिकोण एक अष्टमांशाचा आहे. त्याचे चार तृतीयांश म्हणजे एक षष्ठांशच.

पाठ्यपुस्तकातील समाकलनाचे लांबोडके चिन्ह पाहून विद्यार्थी बिचकतात. ते चिन्ह म्हणजे बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ताणलेले आद्याक्षर आहे, एवढेच ध्यानी ठेवावे. वरची उंची वजा खालची उंची, गुणिले अतिसूक्ष्म रुंदी, आणि अशा सर्वांची बेरीज. याव्यतिरिक्त त्या चिन्हात काही दडलेले नाही.

तीन पथ्ये मात्र पाळावी लागतात. पहिले, दोन रेषा कोठे भेटतात ते आधी शोधावे. क्षेत्राची हद्द तेथेच ठरते. दुसरे, प्रत्येक भागात वर कोण आणि खाली कोण हे आकृती काढून पाहावे. तिसरे, रेषा मध्येच एकमेकींना ओलांडत असतील तर ओलांडणीच्या बिंदूपाशी क्षेत्राचे वेगळे तुकडे करावेत. घनाची रेषा आणि सरळ तिरकी रेषा घ्या. उणे १ पासून १ पर्यंत त्या तीनदा भेटतात. डावीकडे घनाची रेषा वर असते, उजवीकडे सरळ रेषा वर येते. दोन्ही बाजूंस एक चतुर्थांश क्षेत्र अडकलेले आहे, एकूण अर्धा. परंतु तुकडे न करता एकदम वजाबाकी केली तर डाव्या बाजूचे ऋण उजव्या बाजूचे धन खाऊन टाकते आणि उत्तर शून्य येते. जमीन डोळ्यांपुढे पसरलेली आणि कागदावर शून्य! सूत्र पाठ आहे पण आकृती काढलेली नाही, अशा विद्यार्थ्याची ही नेहमीची फसगत.

काठीने मोजलेले शेत

शेताच्या बांधाला कोणी समीकरण देत नाही. मग मोजणीदार काय करतो? एका बाजूने सरळ आधाररेषा आखतो, तीवर समान अंतरे घेतो आणि प्रत्येक ठिकाणाहून बांधापर्यंत काटकोनात लंब मोजतो. समजा, आधाररेषा ६० मीटर आहे आणि दर १० मीटरांवरचे लंब क्रमाने १२, १५, १९, २०, १८, १४ आणि १० मीटर भरले. पहिल्या व शेवटच्या लंबाची सरासरी ११, मधल्या पाचांची बेरीज ८६, एकूण ९७. त्यास १० ने गुणले की ९७० चौरस मीटर. टोकाच्या लंबांचे निम्मे घ्यावयाचे आणि मधले पूर्ण, ही रीत आपण आताच पाहिली. भास्कराचार्यांनी गोलाच्या पट्ट्यासाठी वापरली ती हीच.

अठराव्या शतकातील इंग्रज गणिती टॉमस सिम्पसन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आणखी सूक्ष्म आहे. तो बांधाचा वाकडेपणा सरळ तुकड्यांऐवजी परवलयाच्या तुकड्यांनी जुळवितो. टोकाचे लंब एकपट, मधल्यांपैकी दुसरा, चौथा, सहावा चौपट आणि तिसरा, पाचवा दुप्पट धरून बेरीज करावी. आपल्या उदाहरणात ती २९२ येते. तिला १० ने गुणून ३ ने भागले की सुमारे ९७३ चौरस मीटर. फरक तीन मीटरांचा आहे. पण फुगवटा मोठा असला तर फरकही मोठा होतो. मघाची होडीच्या आकाराची जागा घेऊन तिचे एकक ६० मीटर मानले तर तिचे खरे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर होते. तिच्यात फक्त एक त्रिकोण बसवून हिशेब केला तर ४५० च येतात. उरलेल्या दीडशे चौरस मीटरांत एक लहान घर उभे राहील.

जुन्या काळी आपल्याकडे शेताचे आकारमान त्यात किती बियाणे पेरावे लागते त्यावरून सांगत. त्या मापात जमिनीचा कसही येत असे. पण ते गावापुरते होते. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर गोव्यात सर्वेक्षणाचे नकाशे आणि एक-चौदाचे उतारे आले आणि चौरस मीटर हे सर्वांचे माप झाले. मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. आज या तालुक्यात चौरस मीटर हा शब्द शेतकऱ्याच्या ओटीवर जितका ऐकू येतो तितका पूर्वी कधी येत नव्हता. जमीन विकावी की राखावी, हा ज्याचा त्याचा विचार. परंतु आपल्या वाकड्या बांधाच्या आत नेमके किती आहे, हे ज्याला स्वतः पडताळता येत नाही, त्याला दुसऱ्याने सांगितलेला आकडा मान्य करावा लागतो. गणिताच्या अज्ञानाची किंमत येथे अक्षरशः मातीत मोजली जाते.

पाटणचा शिलालेख

आता मी आरंभी सूचित केलेल्या दुव्याकडे येतो. याच तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत नामांकित वैद्य झाले. पण प्राचीन लेख आणि नाणी यांचा शोध हा त्यांचा दुसरा श्वास होता. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील भवानीच्या देवळातला एक शिलालेख त्यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली प्राचीन भारतीय गणितज्ञांवरील आपल्या इंग्रजी निबंधातून तो विद्वानांपुढे ठेवला. भाऊ दाजी १८७४ साली निवर्तले. मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालय १९७५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते.

हा लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या काळातला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा राजज्योतिषी. त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला आणि तेथील निकुंभवंशीय राजांनी त्याला दाने दिली, अशी हकिगत लेखात आहे. थोडक्यात सांगावयाचे तर, एका गणितज्ञाच्या स्मरणार्थ काढलेल्या शाळेचा तो पाया-दगड आहे. आपल्या आजच्या समारंभाचे गोत्र इतके जुने आहे.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील सांगण्याची वेळ आली तेव्हा लेखकाने जुन्या मराठीचा आश्रय घेतला. संस्कृत पंडितांसाठी, मराठी ज्यांना ते पाळावयाचे त्या वाण्या-तेल्यांसाठी. बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठाला द्यावा, दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असे ते तपशील आहेत. त्यांतच एक अट अशी की, गावात जे काही मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापणावळ अर्धी मठाला व अर्धी मापणाऱ्याला मिळावी.

या अटीचा व्यवहारी अर्थ उत्पन्नाचा आहे, हे उघड आहे. तरीही तिच्यात त्याहून अधिक काही आहे, असे मला वाटते. ज्या घरात ‘लीलावती’ शिकविली जाते, तेथले माप खोटे नसणार, एवढा विश्वास त्या गावाने शाळेवर टाकला. ज्ञान आणि माप एकाच छपराखाली ठेवले, आणि त्याची घोषणा सर्वांना कळेल अशा भाषेत दगडावर कोरली.

या शाळेतील शिक्षकांना माझे सुचविणे आहे की, समाकलनाचे प्रकरण सुरू करण्यापूर्वी एक दिवस वर्ग बांधावर न्यावा. एक दोरी, एक टेप, काटकोन साधण्यासाठी तीन-चार-पाचाची गाठ मारलेली दुसरी दोरी, एवढे साहित्य पुरे. मुलांनी एखादे वाकडे शेत स्वतः मोजावे, दोन्ही रीतींनी हिशेब करावा आणि उताऱ्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. आकडा जुळला तर विश्वास वाढेल; न जुळला तर प्रश्न विचारण्याचे बळ येईल. आणि हे सारे त्यांनी आपल्या भाषेत एकमेकांना समजावून सांगावे. पुढे ते ज्या भाषेत शिकतील त्या भाषेतील सूत्रांना मग आतून अर्थ असेल.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो त्यांनी या शाळेच्या मुलांना मोजायला आणि वाचायला शिकविले. गावाने विश्वासाने वापरावे असे माप शाळेने राखावे, हेच त्यांचे खरे स्मारक होय.